वासाची वही

सोसायटीच्या सभेत ठराव झाला:
कंपोस्टच्या खड्ड्यांकडे गुप्ते बघतील.
रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस,
अमोनिया कुठल्या झडपेतून गळतोय
हे जिन्यावरूनच सांगायचा म्हणे.

सांगायचो. खरं आहे.
पण त्या तापात गेलेलं नाक
परत आलं नाही, हे मी सभेत बोललो नाही.
फिनेल, जळलेलं दूध, अगरबत्ती,
सगळ्यांवर एकच पांढरा रंग मारलेला.
मान डोलावली आणि खाली बसलो.

पंपरूममागे तीन खड्डे, कोपरखैरण्याच्या उन्हात.
खिळ्याला सुतळीने बांधलेली तक्रारवही.
सी विंग, दुसरा मजला: मुलीला उलटी झाली.
बी विंग: पाहुणे पानावरून उठले.
ए विंग: बुजवा खड्डे, तुर्भ्याची गाडी काय वाईट होती?
आणि एक, सही नसलेली:
मेलंय काय आत?

मी वाकून हुंगलं.
आरशासमोर उभं राहावं
आणि आरशात फक्त मागची भिंत दिसावी, तसं.

शेवटी जिने पुसणाऱ्या शोभा वाकळेला बोलावलं.
तिने पदर नाकाला लावला नाही.
"ह्यो डोळ्यात झोंबतोय, मुतारीवानी.
हिरवं लई झालंय ह्यात.
अन् त्यो तिकडला, सडकं अंडं.
बुडालाय त्यो. दम घ्यायला जागाच न्हाई त्याला."
मग कोपरापर्यंत हात घालून
तिने एक मूठ काढली, पिळली.
बोटांतून धार लागली.
"थेंब यावा, साहेब. एक. धार आली की गेलं."

एकतीस वर्षं हेच तर मोजत होतो मी,
काचेच्या नळ्यांनी.

मग आम्ही पर्जन्यवृक्षाची पानं पोत्यात भरली,
सेक्टर अकराच्या सुताराकडून भुसा आणला,
पाइपाला भोकं पाडून ढिगात उभा रोवला,
आणि दर तिसऱ्या दिवशी फावड्याने
खालचं वर, वरचं खाली.
काटा अठ्ठावन्न अंशांवर गेला त्या पहाटे
वाफ बघून वॉचमन बादली घेऊन धावला.

महिन्याभरात वही कोरी.
कमिटीने मला शाल दिली. शोभाला काही नाही,
म्हणून शाल तिच्याकडे गेली.

पण मला झोप लागेना.
वास गेला म्हणजे सगळं गेलं, असं थोडंच?
दम कोंडलेल्या ढिगातून जो मिथेन उठतो
त्याला रंग नाही, गंध नाही,
सी विंगच्या उशाशी जाऊन बसला
तरी वहीत कुणी लिहिणार नाही.
आणि माळी रामअवध
हिरवळीवर मुठीमुठीने युरिया फेकतो,
वर पाइप सोडून चहाला जातो;
त्या चिखलातून जो निघतो
तो म्हणे हसवणारा वायू.
अजून कुणी हसताना दिसलं नाही.

नाक असलेल्यांची तक्रार संपते
तिथून माझं काम.
रामअवधला म्हटलं, आधी आपलं खत घाल,
युरिया चिमूटभर, आणि पाणी बेताने.
"पिवळं पडेल, साहेब."
पडू दे थोडं.

आता वहीत चार रकाने आखलेत:
तापमान. ओल. हवा. वास.
पहिले तीन मी भरतो.
चौथा शोभा सांगते.

काल तिने तयार झालेलं काळं खत
ओंजळीत घेतलं, तोंडाजवळ नेलं,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "रिकाम्या कणगीचा."

मी ठाण्यात चरईला वाढलो.
भरलेली काय आणि रिकामी काय,
कणगी मी पाहिलेली नाही.
तसंच लिहिलं.

आज त्याखाली चेअरमनची लाल शाई:
म्हणजे नेमका कसा? खुलासा करावा.

खुलासा अजून दिलेला नाही.